पढवलेली उत्तरं

मास्तरकीत मला एकच विद्या खरी आली, ती म्हणजे पोरं पास करून देण्याची. शिकवणं निराळं आणि पास करून देणं निराळं. वर्षातून एकदा शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचे. कुठल्या इयत्तेला ते काय विचारतात आणि कोणत्या क्रमानं विचारतात हे मला पाठ होतं, आणि उत्तरं पोरांना पाठ होती. एका वर्षी साहेबांनी मधला एक प्रश्न गाळला, तर पुढच्या पोरानं गाळलेल्याच प्रश्नाचं उत्तर खणखणीत आवाजात दिलं. साहेब हसले, मीही हसलो, आणि शाळेला शेरा चांगला मिळाला. याच विद्येच्या जोरावर मी पुढं एका म्हाताऱ्या बाईचं राहतं घर घालवलं. मी वाईट हेतूनं काही केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगायचा कंटाळा आला आहे.

शाळा मंगरूळपीरपासून दीड कोसावरच्या गावात होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी पंचविशीतला, अमरावतीकडचा, सडाफटिंग, हातानं करून खाणारा. गावाच्या अलीकडे नाल्याच्या काठानं माळ्यांचे मळे होते. त्यातल्या एका लहानशा मळ्यात, विहिरीजवळच्या खोपडीत, म्हणजे गवती छपराच्या झोपडीत, एक विधवा बाई एकटी राहायची. तिचा नवरा फार पूर्वी गेला होता. एकुलता एक मुलगा त्याही आधी, पटकीनं. तिचं वय सत्तर असेल, नाहीतर साठही असेल. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचो.

मळ्याला शेजारच्या मळ्यातलं जोडपं हातभार लावायचं. नवरा दोन्हीकडची मोट हाकायचा, त्याबद्दल अर्धा माल न्यायचा. बाकीचं सगळं मावशीच्या हातचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांद्याचं रोप. दिवसभर वाफ्यात खुरपं घेऊन बसलेली असायची. शाळा सुटली की मी तिकडं जायचो, कारण माझ्या हातच्या भाकरीला तिच्या हातच्या ठेच्याशिवाय गत नव्हती.

"मास्तर, तुमची भाकर पाहून कुत्रं बी इचारात पडते," ती म्हणायची, आणि पदराआडून तिची भाकर काढून द्यायची. मला तिचा लळा लागला होता, हे सरळच सांगून टाकतो. माझी आई मी लहान असताना गेली.

पण मावशीचं डोकं थोडं थोडं सुटत चाललं होतं, हेही खरं आहे. कधी ती मला माझ्या आधीचा मास्तर समजायची आणि त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी करायची. मी दोनदा दुरुस्ती केली, मग नाद सोडला आणि बाळंतीण बरी आहे असं सांगू लागलो. एकदा मंगरूळपीरच्या बाजारात भाजीची टोपली ठेवून ती दर्ग्याच्या पायरीशी जाऊन बसली, ती दिवसभर. कुणाची वाट पाहतेस असं विचारलं तर म्हणाली, पोरगा येऊन राह्यला. गावच्याच एका गाडीवानानं ओळखून तिला परत आणलं. आणि एका चैत्रात तिच्या चुलीतली ठिणगी छपराला लागून खोपडीचा एक कोपरा जळाला. शेजाऱ्यानं मोटेच्या पाण्यानं विझवला म्हणून निभावलं.

त्यानंतर गावात एक गोष्ट फार बोलली जाऊ लागली. मावशीच्या चुलीत सकाळी विस्तव नसायचा. त्या दिवसांत रोज उठून काडी ओढून चूल पेटवायची पद्धत खेड्यात नव्हती. बाई रात्री गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी फुंकून चूल पेटवायची. कधी निखारा विझला तर शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणायचा, त्यात कमीपणा नव्हता. पण रोज उठून विस्तव मागायला जाणारी बाई म्हणजे फुवड, गबाळी, नाहीतर भ्रमिष्ट. मावशी रोज जायची. हातात अर्धी गोवरी, पायाखाली दहिवरानं भिजलेला बांध, आणि शेजारणीच्या अंगणात जाऊन हाक. जिला निखारा सांभाळता येत नाही ती स्वतःला काय सांभाळणार, असं पाटलाची बायको पाणवठ्यावर म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

तिला एक पुतण्या होता, तिच्या दिराचा मुलगा. तो किन्हीराजाला राहायचा. घरचं वावर, बैलजोडी, बायको, दोन लेकरं. दर दोन महिन्यांनी गाडी जुंपून यायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "मोठी माय, चाल माह्या घरी."

"मी इथंच बरी हावो," ती म्हणायची.

"काहून पन? लोक मले नावं ठेवून राह्यले. म्हनतात, याची मोठी माय वावरात एकटी पडून हाय."

"लोकायले काम नाई."

असं दोन वर्षं चाललं. खोपडी जळाली तेव्हा त्याचा धीर सुटला. त्यानं वकील गाठला. वकिलानं अर्ज केला की बाईचं चित्त ठिकाणावर नाही, तिला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, तरी तिचा सांभाळ आणि राहण्याची सोय पुतण्याच्या हाती द्यावी. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. अर्ज तिकडच्या कोर्टात गेला आणि कोर्टानं चौकशीसाठी खाली तहसिलीत पाठवला. नायब तहसीलदार स्वतः गावात येऊन बाईला प्रश्न विचारणार आणि अहवाल पाठवणार असं ठरलं. तिला कळतं असा अहवाल गेला तर ती मळ्यात राहणार, नाही कळत असा गेला तर किन्हीराजाला जाणार.

पुतण्याला मळा हवा आहे, असा माझा पक्का समज झाला. पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो: त्यानं मळ्याला बोटही लावलं नाही. मळा तिच्याच नावावर राहिला, शेजाऱ्यानंच केला आणि तिच्या वाट्याचा माल तो इमानानं पोचवत राहिला. पण तेव्हा मला कोणीतरी दुष्ट हवा होता. मी बाह्या सरसावल्या आणि ठरवलं की मावशीला पास करून द्यायचं.

आठ दिवस शाळा सुटल्यावर मी तिची शिकवणी घेतली. आज वार कोणता, महिना कोणता, गाव कोणतं, तालुका कोणता, राज्य कुणाचं, पाऊस कोणत्या महिन्यात पडतो. मी विचारायचो आणि ती वांग्याच्या ओळीतून उत्तर द्यायची.

"वार मालूम असला म्हंजे मानूस शायना असते का?" तिनं एकदा विचारलं.

"साहेब तेच विचारतात."

"मंग त्यायलेच नसन मालूम." आणि खुरपं चालू.

मी चिडलो. पोरांवर चिडायचो तसाच चिडलो. म्हणालो, मावशी, थट्टा पुरे, तुमचं घर जाऊन राहिलं आहे. तेव्हापासून ती मन लावून शिकली. वार रोज बदलतो हे तिला अन्यायाचं वाटे, पण तेही तिनं जमवलं.

उत्तरं झाली, मग मी न बोलायच्या गोष्टी पढवल्या. मुलाचं नाव काढायचं नाही. दर्ग्याचं नाव काढायचं नाही. आणि विस्तवाचं तर अजिबात नाही.

ती खुरपं ठेवून माझ्याकडं वळली. "पन मास्तर, इस्त्याचं असं हाय का..."

"कसंही असो. साहेबापुढं तो शब्द नको. तेच तर पुतण्यानं अर्जात लिहिलं आहे. विचारलं तरी गप्प राहायचं. घ्या शपथ."

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग गळ्याला हात लावून शपथ घेतली. आमच्याकडं शपथ अशी गळ्याला हात लावून घेतात, आणि ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोरंसुद्धा खेळात हे पाळतात.

नायबसाहेब ठरल्या दिवशी आले. नागपूरकडचे, पन्नाशीचे, प्रवासानं थकलेले गृहस्थ. चावडीवर बसायचं सोडून ते थेट मळ्यात आले आणि लिंबाच्या झाडाखाली खाटेवर बसले. पाटील, कोतवाल, पुतण्या, शेजारचं जोडपं आणि मी, एवढी माणसं. मावशी समोर पोत्यावर बसली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर.

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सहज विचारलं, "आजी, वांगी छान आहेत. यंदा कीड नाही वाटतं?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. जिनं उभा जन्म वांग्यावरची कीड वेचली त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आज बुधवार."

बुधवार होता. कोतवाल हसला.

मग साहेबांनी वार, महिना, तालुका सगळं विचारलं आणि मावशीनं धडाधड उत्तरं दिली. उत्तरं जितकी झटपट येत होती तितका साहेबांचा चेहरा उतरत होता. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाई," ती म्हणाली आणि परत माझ्याकडं पाहिलं.

साहेब थोडे पुढं वाकले. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. "हे बघा आजी, वारबीर राहू द्या. तुमचा पुतण्या तुम्हाला न्यायला तयार आहे. तुम्हाला इथं राहायचं आहे. इथं तुम्ही एकट्या. उद्या ताप आला, पाय घसरून पडलात, तर कुणाला कसं कळणार? याचा तुम्ही काही विचार केलाय का?"

तिचे ओठ हलले. मग हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला. साहेबांनी थांबून पाहिलं. शेजारीण पदर सावरून पुढं झाली, "साहेब, मी सांगतो..." पण पाटलानं तिला दटावलं, "बाई, तुले कोनी इचारलं?" ती मागं सरली, आणि मला, काय सांगू, हायसं वाटलं. नको तो विषय निघता निघता राहिला, असं वाटलं.

पुतण्या हात जोडून म्हणाला, "साहेब, सकायी चुलीत इस्तो बी राहत नाई तिच्या. ध्यानच राहत नाई तिले."

"खरं आहे का आजी? चूल रोज का विझते?"

मावशीनं मान वळवली आणि वाफ्यांकडं पाहत बसली. साहेबांनी लिहून घेतलं. मी गुन्हेगाराकडं पाहावं तसा पुतण्याकडं पाहत होतो.

महिन्याभरानं हुकूम आला. अहवालातलं पाटलानं वाचून दाखवलं ते मला अजून आठवतं. बाई सांगितलेली उत्तरं म्हणते, स्वतःचं उत्तर देताना दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहते, आजारपणाची काय तजवीज असं विचारता काही सांगू शकत नाही, सबब ती आपला निर्णय आपण घेऊ शकते असं दिसत नाही. पुतण्या गाडी घेऊन आला. त्याच्या बायकोनं मावशीला हात धरून चढवलं, पाठीशी गोधडी दिली. मावशी रडली नाही. गाडी वळणावर जाईपर्यंत ती विहिरीकडं पाहत होती. रडलो मी, खोपडीच्या मागं जाऊन.

तिथं शेजारीण आली. ती तोंडाची फटकळ होती, पण त्या दिवशी हळू बोलली.

"मास्तर, बुढीनं साहेबाले काहून नाई सांगतलं?"

"काय?"

"इस्त्याचं. बुढी रोज झोपाच्या आंधी चुलीत सोता पानी टाके. खोपडी जयाली तवापासून. मले म्हने, एक त आगीचं भेव नाई. आन दुसरं, इस्तो नाई म्हनल्यावर सकायी मले तुह्या दारी यावंच लागन. ज्या दिवशी मी नाई आली, त्या दिवशी तू पायले ये. दोनदा गेलती मी. एकदा तिले ताप होता, मंग मी चार दिवस तिच्यापाशीच झोपली. दुसऱ्यांदा नुसतीच निजून होती. मलेच हासली, म्हने, इतक्या घाईनं नाई मरत मी."

मी विहिरीच्या काठावर बसलो. साहेबांनी जे विचारलं त्याचं उत्तर तिच्याकडं वर्षभरापासून तयार होतं. डोकं सुटतंय हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि त्यावर तिनं स्वतःच इलाज काढला होता. फुवड म्हणवून घेणं पत्करून काढला होता. आम्ही सगळे विझलेली चूल पाहत राहिलो आणि का विझते हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एका परक्या साहेबानं, आणि त्याच्यापुढं मी तिच्या तोंडाला कुलूप घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी देऊन मी पायी मंगरूळपीर गाठलं. नायबसाहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता लाल झाले.

"मी तिला पाहायला आलो होतो, आणि तुम्ही मला तुमची शाळा दाखवलीत," ते म्हणाले. "वार नाही आला तरी चालला असता, मास्तर. हे एक तिच्या तोंडून आलं असतं तर मी दुसरं काही विचारलंच नसतं."

शेवटी त्यांचा राग ओसरला. म्हणाले, हुकूम झाला तो झाला, पण हिवाळ्यात माझा दौरा किन्हीराजावरून जातो. तेव्हा तिला पुन्हा विचारतो, आणि कोर्टाला पुन्हा लिहितो. एकच अट घातली, की तोवर मी तिला भेटायचं नाही. मी ती पाळली. सात महिने पाळली. खोपडी मी दर रविवारी झाडून ठेवत होतो.

पौषात साहेब आणि मी पुतण्याच्या घरी गेलो. घर सारवलेलं, नीटनेटकं. मावशी ओसरीवर उन्हात खाटेवर बसली होती. केसांना तेल, अंगावर नवी घोंगडी, गालावर मांस आलेलं. पुतसून तिला काडीचं काम करू देत नव्हती, चुलीजवळ तर फिरकूच देत नव्हती, तिला भाजेल म्हणून. मावशीची नखं पांढरी स्वच्छ होती. मी तिची नखं तशी कधी पाहिली नव्हती.

साहेबांनी बाकी सगळ्यांना लांब बसवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला कुठं राहायचं आहे? मनातलं सांगा."

ती हसली आणि पुतण्या-सुनेकडं बोट दाखवून म्हणाली, "यायले इचारा. हे म्हनतीन तसं."

"त्यांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटाचं हाय आता?"

"आजारी पडलात तर?"

"सून हाये."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग तिला हळूच विचारलं, "मळ्यात असताना चुलीत पाणी का टाकायच्या तुम्ही?"

तिचा हात गळ्याकडं गेला. ती माणसांमध्ये कोणाला तरी शोधू लागली, आणि मी दिसलो. सात महिन्यांनी तिनं मला पाहिलं, आणि या वेळी आधीचा मास्तर समजली नाही.

माझ्यानं राहवलं नाही. "सुटली, मावशी," मी म्हणालो. "शपथ सुटली. सांगा."

तिनं हात खाली घेतला. थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. मग म्हणाली, "आता कायले सांगू? इथं चूल सुनंची हाय."

साहेबांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तराच्या आधी ती सुनेकडं पाहत होती. साहेबांनी वही मिटली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज मी काय लिहू, तुम्हीच सांगा." जुना हुकूम तसाच राहिला. सात महिन्यांत तिचं डोकं आणखी सुटलं, की स्वतःचं ठरवायची मुखत्यारी गेल्यावर तिनं ती वापरायचीच सोडून दिली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

निघताना मी तिच्या पाया पडलो. तिनं माझं मनगट धरून मला खाली ओढलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "आता बराबर सांगतलं ना, मास्तर?"

मी हो म्हणालो.